उतारा कोण काढतो?

सप्टेंबर उजाडला की कृष्णाकाठी दोन मांडव पडतात, एक गणपतीचा आणि दुसरा कारखान्याच्या वार्षिक सभेचा. गणपतीच्या मांडवात निदान ज्याला त्याला आपल्या सुरात आरती म्हणता येते. सभेच्या मांडवात सूर आधीच लागलेला असतो. कार्यकारी संचालक विषय क्रमांक एक वाचायला घेतात आणि वाक्यातलं क्रियापद यायच्या आत पुढच्या तीन रांगांतून ‘मंजूर, मंजूर’ सुरू होतं. ताळेबंद मंजूर, अंदाजपत्रक मंजूर, लेखापरीक्षकाची नेमणूक मंजूर.

दोन वर्षांपूर्वी अशाच एका सभेत मी हात वर केला. कारखान्याचं नाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही. गुळगुळीत कागदाच्या अहवालात ‘सरासरी साखर उतारा’ या रकान्यावर बोट ठेवून मी विचारलं, “हा आकडा काढणारी प्रयोगशाळा आपली. आकडा बरोबर आहे असं सांगणाऱ्या संस्थेला वर्गणी आपली. त्या संस्थेच्या मंडळावर बसणारी माणसं आपल्यासारख्याच कारखान्यांची. मग माझ्या उसात साखर किती होती हे तिऱ्हाईत कुणी बघितलं का?” व्यासपीठावरून हसत उत्तर आलं, “सर, तुमचा आमच्यावर विश्वास नाही का?” मागून कुणीतरी म्हणालं, “बसा की आता, जेवणं खोळंबल्यात.” बसलो.

त्या मांडवात माझे एक जुने स्नेही होते. साखर कारखान्यांच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं काढून चीफ केमिस्ट म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी नंतर मला चार पानी पत्र पाठवलं. सभेत गप्प बसवलं त्याचं मला फारसं वाटलं नव्हतं, त्याची सवय आहे. पत्र मात्र लागलं, कारण ते विचार करून लिहिलंय आणि त्यातला एकही मुद्दा हसण्यावारी नेता येत नाही. त्यांची परवानगी घेऊन, नाव न घेता, इथे त्याला उत्तर देतो. त्यांना केमिस्टसाहेब म्हणेन, गावात सगळे म्हणतात तसं.

पत्राचा गाभा असा: अभ्यासाला पैसा कुणी दिला हे बघू नये, अभ्यास बरोबर आहे का ते बघावं. ऐकायला हे इतकं रास्त वाटतं की मी स्वतः पंचवीस वर्षं संख्याशास्त्राच्या वर्गात जवळपास हेच सांगत आलो. चुकलो होतो असं आता म्हणतो.

आधी पैशाचं बोलू. उसाचा एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला रास्त आणि किफायतशीर दर, उताऱ्याला बांधलेला आहे. 2009 साली ऊस नियंत्रण आदेशात दुरुस्ती होऊन जुन्या एसएमपीच्या, म्हणजे वैधानिक किमान दराच्या, जागी तो आला. 2025-26 च्या हंगामासाठी सव्वादहा टक्के उताऱ्याला क्विंटलमागे 355 रुपये, आणि त्यापुढे दर 0.1 टक्क्याला 3 रुपये 46 पैसे जास्त. आमच्या पट्ट्यात उतारा बाराच्या आसपास खेळतो. समजा 12 च्या जागी अहवालात साडेअकरा लागला. टनामागे 173 रुपये गेले. एकरी चाळीस टन धरा, जवळपास सात हजार झाले. दहा लाख टन गाळणाऱ्या कारखान्याच्या बाजूने बघितलं तर हाच अर्धा टक्का 17 कोटी 30 लाखांचा आहे.

हा आकडा निघतो कसा? ऊस कारखान्याच्या काट्यावर मोजतात, साखर कारखान्याच्या गोदामात मोजतात, आणि मधली रसाची मोजमापं, म्हणजे ब्रिक्स, पोल, प्युरिटी, कारखान्याच्या प्रयोगशाळेतल्या नोंदवहीत लिहितात. ज्याने पैसे द्यायचे त्यानेच किती द्यायचे ते मोजायचं. वाण्याच्या दुकानातही तराजू वाण्याचाच असतो, असं केमिस्टसाहेब म्हणतील. असतो. पण तिथे मन खट्टू झालं तर शेजारी दुसरं दुकान असतं. तोडलेला ऊस दुसऱ्या दिवसापासून वजनाला उतरायला लागतो, तो घेऊन माणूस कुठल्या शेजाऱ्याकडे जाणार?

आमच्याच गावात दूध संकलन केंद्रावर सकाळी सहाला बायका किटल्या घेऊन उभ्या असतात. दुधाचा नमुना डोळ्यांदेखत यंत्रात जातो, फॅट आणि एसएनएफ पडद्यावर उमटतं, चिठ्ठी हातात पडते. यंत्रही डेअरीचंच असतं आणि त्यावरूनही भांडणं होतात. पण अर्ध्या लिटर दुधाची चिठ्ठी जिच्या हातात पडते, तिच्याच घरच्या साठ टन उसाच्या उताऱ्याची चिठ्ठी कुणाच्याच हातात पडत नाही. हंगाम संपल्यावर सगळ्या तालुक्याच्या उसाची मिळून एक सरासरी कळते, तीही छापील अहवालात.

2018 पासून यात इथेनॉलची भर पडली. रस शिजवून साखर काढताना मळी टप्प्याटप्प्याने निघते. शेवटच्या टप्प्यापर्यंत साखर ओढून घेतली तर उरते ती सी मळी. बी टप्प्यालाच थांबलं तर मळीत साखर जास्त राहते, तिचं इथेनॉल जास्त होतं, कारखान्याला पैसा चांगला मिळतो. यात वाईट काही नाही. फक्त पोत्यात साखर कमी पडते, म्हणजे कागदावर उतारा टक्का-दीड टक्क्याने खाली येतो. ही घट हिशेबात पुन्हा मिळवून मगच शेतकऱ्याचा दर काढायचा असतो. घट किती झाली हे प्रमाणित करण्याचं काम राज्यात आलं मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटकडे.

ही संस्था 1975 साली डेक्कन शुगर इन्स्टिट्यूट म्हणून कारखान्यांनीच उभी केली. 1989 मध्ये माजी मुख्यमंत्री वसंतदादा पाटील गेले आणि तिला त्यांचं नाव मिळालं. दादा पद्माळ्याचे, म्हणजे सांगलीला लागूनच. त्यामुळे इकडे संस्थेबद्दल आपलेपणा आहे, माझ्याही घरात आहे. उतिसंवर्धित रोपं, माती परीक्षण, ठिबक, कारखान्यांसाठी प्रशिक्षित माणसं, यात तिचं काम मोठं आहे आणि ते नाकारणारा मूर्ख ठरेल. पण रचना बघा. कारखाने गाळपाच्या टनामागे एक रुपया वर्गणी देतात. मंडळावर कारखानदारीतली मंडळी बसतात. दर वर्षी उत्कृष्ट कारखान्यांना संस्थेचे पुरस्कार जाहीर होतात. म्हणजे वर्गणी देणारे, मंडळावर बसणारे, पुरस्कार घेणारे आणि ज्यांचा आकडा तपासायचा ते, सगळे एकाच पंगतीतले. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, अशी म्हण आपल्या भाषेत उगीच रुजलेली नाही.

इथे केमिस्टसाहेबांचा राग मला पत्रातून ऐकू येतो. “आयुष्यभर नोंदवही स्वच्छ ठेवली,” असं त्यांनी लिहिलंय, “तुम्ही आम्हाला चोर म्हणताय.” नाही म्हणत. गावच्या यात्रेत कुस्त्यांचा फड लागतो तेव्हा यजमान तालमीच्या वस्तादाला निकालाच्या कुस्तीचा पंच करत नाहीत. वस्ताद लबाड असतो म्हणून नव्हे. त्याचा पठ्ठ्या आखाड्यात असतो म्हणून. पाठ टेकली की नाही टेकली, अशा केसभर अंतराच्या क्षणी डोळ्याला काय दिसेल यावर वस्तादाचाही ताबा नसतो. हे वस्तादाला स्वतःला कळतं, तो आपण होऊन बाजूला बसतो, आणि त्याचा मान त्यामुळे कमी होत नाही. प्रयोगशाळेतही असे केसभर अंतराचे क्षण रोज असतात. रसाचा नमुना कुठल्या पाळीत घ्यायचा, बगॅसमध्ये गेलेली साखर किती धरायची, ‘अज्ञात घट’ या रकान्यात काय टाकायचं. केमिस्टसाहेबांना हे माझ्याहून जास्त ठाऊक आहे. प्रत्येक वेळी शंकेचा फायदा कुणाकडे झुकत होता हे त्यांनी एकदा स्वतःशीच आठवून बघावं. मला कळवायची गरज नाही.

पण आकड्यांची ही झुकती बाजू मला खरं तर दुय्यम वाटते. आकडा पुन्हा तपासता येतो. अभ्यासाला पैसा देणाऱ्याचा खरा हात असतो तो प्रश्नावर. कुठला प्रश्न विचारायचा आणि कुठला कधीच विचारायचा नाही, हे तिथे ठरतं. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर शंभर टक्के खरं असूनही शेतकरी नागवला जाऊ शकतो.

याचं उदाहरण फलटण तालुक्यात आहे. पाडेगावचं ऊस संशोधन केंद्र 1932 चं, आज महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं, सरकारी पैशावर चालणारं. को 86032 ही जात कोइमतूरच्या ऊस पैदास संस्थेची, पण महाराष्ट्रात ती रुजली पाडेगावच्या हातून. आज आपल्या शिवारात नजर टाकाल तिकडे तीच उभी असते. तिच्यावर कारखाने खूश, शेतकरीही खूश. मग याच केंद्राने 2007 साली को एम 0265, म्हणजे फुले 265, दिली. टनेज दांडगं, खोडवा चांगला, आणि चोपण-खारवट रानातही तग धरणारी. वाळवा-मिरज भागात नदीकाठची किती रानं क्षारांनी पांढरी पडलीत हे बघितलेल्या माणसाला या शेवटच्या गुणाची किंमत सांगावी लागत नाही. शेतकऱ्यांनी 265 उचलली. कारखान्यांनी नाकं मुरडली. उतारा कमी पडतो, म्हणाले. कुठे नोंद घ्यायला टाळाटाळ, कुठे तोडणीच्या कार्यक्रमात शेवटचा नंबर. परिणाम असा की नोंदवहीत 86032 आणि रानात 265, अशी चोरटी लागवड सुरू झाली. शेतमजुरालाही ठाऊक, कारखान्याच्या चिटबॉयलाही ठाऊक, फक्त कागदाला ठाऊक नाही.

उतारा कमी पडतो हे खोटं होतं का? लवकर तोडली तर पडतो, त्यात खोटं काही नाही. ही जात उशिरा पक्व होते, तिला रानात जास्त महिने द्यावे लागतात. म्हणजे प्रश्न दोन तऱ्हांनी विचारता येतो. ‘या जातीत टनामागे साखर किती?’ हा कारखान्याचा प्रश्न आहे, कारण तोडणी-वाहतूक आणि गाळपाचा खर्च टनावर पडतो. ‘या रानात एकरामागे, पाण्यामागे, खर्च वजा जाता हातात किती?’ हा शेतकऱ्याचा प्रश्न आहे. दोन्ही शास्त्रशुद्ध आणि दोन्हींची उत्तरं खरी. सरकारी पैशावरच्या केंद्राला दुसरा प्रश्न सुचला, त्यातून 265 आली. कारखान्यांच्या वर्गणीवरच्या व्यवस्थेत पहिलाच प्रश्न आधी येणार, हे सांगायला ज्योतिषी नको. केमिस्टसाहेब म्हणतात अभ्यास बरोबर आहे का बघा. बघितला, बरोबर आहे. माझ्या प्रश्नाचा नाही, एवढंच.

यावर पत्रातला सगळ्यात दमदार मुद्दा येतो. कारखाना सहकारी, सभासद शेतकरी, मालकही शेतकरी. मग हितसंबंध एकच नाही का? आपल्याच डाव्या हाताने उजव्या हाताला फसवायचं कशाला?

मुद्दा सुंदर आहे आणि सहकार सुरू झाला तेव्हा तो खराही असावा. स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडींनी वाळव्यात हुतात्मा कारखाना उभा केला आणि उसाला आसपासच्या कारखान्यांपेक्षा जास्त दर देऊन दाखवला, तेव्हा सगळ्या भागाला कळलं की दर हा दैवी आकडा नसतो, तो कारभाऱ्यावर असतो. पण मालक आणि ऊस घालणारा एकच असता तर दर वर्षी नोव्हेंबरात चक्का जाम कोण कुणाविरुद्ध करतं? 21 फेब्रुवारी 2022 ला राज्य सरकारने एफआरपी दोन हप्त्यांत द्यायची मुभा देणारा निर्णय काढला. कारखान्यांना तो हवा होता. शेतकरी नेते राजू शेट्टी उच्च न्यायालयात गेले आणि 17 मार्च 2025 ला तो निर्णय रद्द झाला. डावा हात आणि उजवा हात एकाच अंगाचे असते तर कोर्टात वादी-प्रतिवादी म्हणून समोरासमोर उभे राहिले नसते. शिवाय आज कारखाना म्हणजे सहकारी, हे तरी कुठे उरलं? ज्या सांगलीच्या कारखान्याला वसंतदादांचं नाव आहे तोच 2017 पासून एका खासगी कंपनीकडे भाड्याने चालायला आहे. मग तिथे मालक-शेतकरी हे गणित कुठल्या खात्यात मांडायचं?

हितसंबंधांचा हा पीळ उसापुरता नाही. कऱ्हाड, विटा, तासगाव, कुठल्याही बाजारपेठेतून चालत जा. दर चार दुकानांनंतर पतसंस्थेची पाटी, आणि पाटीवर ठेवींच्या आकड्याखाली ठळक अक्षरांत ‘सतत ऑडिट वर्ग अ’. हा ‘अ’ देणारा लेखापरीक्षक सरकारमान्य यादीतला असतो हे खरं, पण यादीतला कोण निवडायचा ते संस्थेची सभा ठरवते, त्याच ‘मंजूर, मंजूर’च्या गजरात, आणि फी संस्था देते. कडक माणूस पुढच्या वर्षी नको असेल तर यादी लांबलचक आहे. नागरी बँकांच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने 2021 मध्ये लेखापरीक्षकाच्या नेमणुकीला आपली पूर्वपरवानगी सक्तीची केली, त्याला सलग तीन वर्षांची मुदत ठरवून दिली. मोठ्या बाजारातही तपासणाऱ्याची फी ज्याला तपासायचं तोच देतो. आयएल अँड एफएस ही बडी वित्त कंपनी 2018 च्या सप्टेंबरात हप्ते चुकवायला लागली, त्याच्या जेमतेम दोन महिने आधीपर्यंत तिच्या कर्जाला सर्वोच्च ‘ट्रिपल ए’ दर्जा होता. दर्जा देणाऱ्या संस्थांना फी देत होती ती हीच कंपनी.

आणि परीक्षेची किल्ली परीक्षार्थीच्याच खिशात असली की काय होतं ते सातारकरांनी नुकतंच बघितलंय. जिजामाता महिला सहकारी बँकेचा परवाना 2016 ला रद्द झाला, अपिलात 2019 ला परत मिळाला, आणि अपिलाच्या निकालात न्यायवैद्यक लेखापरीक्षण करायला सांगितलं होतं. बँकेने सहकार्य न केल्यामुळे ते पुरं होऊ शकलं नाही, असं रिझर्व्ह बँकेने 7 ऑक्टोबर 2025 ला परवाना पुन्हा रद्द करताना नमूद केलं. सहा वर्षं. ठेवी ठेवणाऱ्या बायकांनी त्या सहा वर्षांत काय समजून राहायचं होतं?

आता पत्रातलं तिसरं पान. “सगळं उघड आहे,” केमिस्टसाहेब लिहितात, “संस्था कुणाची, वर्गणी कुणाची, अध्यक्ष कोण, लहान पोरालाही माहीत आहे. लपवलंय काय?” त्यांचं म्हणणं असं की एकदा जाहीर केलं की दोष धुऊन निघाला.

यासाठी जरा लांब, आइसलंडला जावं लागेल. 2006 साली तिथल्या बँका देशाच्या आकाराच्या मानाने भलत्याच फुगल्या होत्या आणि बाहेर कुजबुज सुरू झाली होती. तेव्हा आइसलंडच्या व्यापारी चेंबरने कोलंबिया विद्यापीठातले नामांकित अर्थशास्त्रज्ञ फ्रेडरिक मिश्किन यांच्याकडून एक अहवाल लिहून घेतला. मोबदला होता 1 लाख 24 हजार डॉलर. आर्थिक कोसळ होण्याची शक्यता कमी आहे, असा त्याचा सूर होता. अहवाल चेंबरनेच छापला, म्हणजे पैसा कुणाचा हे मुखपृष्ठावरच होतं. तरी जगाने तो वाचला आणि मान डोलावली, कारण नाव मोठं होतं. 2008 च्या ऑक्टोबरात आइसलंडच्या तिन्ही मोठ्या बँका काही दिवसांच्या अंतराने बसल्या. मोबदल्याचा आकडा चारचौघांत गाजला तो 2010 च्या ‘इनसाइड जॉब’ या माहितीपटामुळे. अमेरिकन अर्थशास्त्र संघटनेला आपल्या नियतकालिकांत हितसंबंध जाहीर करण्याचे नियम करायला 2012 उजाडलं.

मिश्किन यांनी खोटं लिहिलं असं मी म्हणत नाही, त्यांना तसं वाटतही असेल. पण नाव उघड होतं म्हणून आइसलंडच्या ठेवीदाराचं काय वाचलं? उघड असणं ही पहिली पायरी आहे. आमच्याकडे तीच शेवटची समजून लोक तिथे सतरंजी टाकून बसतात. शेअर बाजारात बघा. सेबीने 2014 ला संशोधन विश्लेषकांसाठी नियम केले तेव्हा नुसतं ‘जाहीर करा’ म्हणून थांबली नाही. ज्या शेअरवर विश्लेषक लिहिणार, त्यात त्याने अहवालाच्या आधी तीस दिवस आणि नंतर पाच दिवस व्यवहार करायचा नाही. त्याचा पगार कंपनीच्या भांडवल उभारणीच्या धंद्याशी बांधायचा नाही. शेअरच्या भावाबद्दल दोन पानं लिहिणाऱ्यावर एवढं बंधन, आणि दोन जिल्ह्यांतल्या लाखो खातेदारांचा दर ज्या आकड्यावर ठरतो त्याच्या बाबतीत मात्र ‘विश्वास नाही का आमच्यावर’.

राहिला खर्चाचा प्रश्न. कारखान्यांनी पैसा द्यायचा नाही तर संशोधन चालणार कशावर, सरकारवर? पाडेगावची अवस्था बघितलीत का, असं साहेबांनी मुद्दाम विचारलंय. प्रश्न बरोबर आहे, सरकारी केंद्रांत जागा रिकाम्या आणि निधी तुटपुंजा, ही रड मलाही माहीत आहे. पण टनामागचा तो रुपया आहे कुणाचा? कारखान्याच्या खर्चात तो पडतो. खर्च वाढला की दुसरा हप्ता देताना हात आखडतो. म्हणजे रुपया माझ्याच उसातून गेलाय, फक्त जाताना कारखान्याच्या नावाने गेला. तो थांबवा असं मी म्हणत नाही. तो कुणाला द्यायचा आणि त्याने काय शोधायचं, हे ठरवणाऱ्या टेबलावर कुठल्याही कारखान्याच्या संचालक मंडळावर नसलेली, फक्त ऊस घालणारी माणसं बसवा. त्यातले चार आणे पाडेगावला द्या आणि हंगामात न सांगता, कुठल्याही कारखान्यात, कुठल्याही पाळीला जाऊन रसाचा नमुना घ्यायचा अधिकार त्या केंद्राला द्या. दुधाच्या भेसळीच्या तपासणीत नमुन्याचे भाग करून सील करतात, वाद झाला तर दुसऱ्या प्रयोगशाळेत तपासता यावा म्हणून. दुधाला जमतं ते रसाला का जमू नये? आणि रोजची ब्रिक्स-पोलची नोंदवही, जशी आहे तशी, काट्याच्या खोलीबाहेर डकवा. कागद आणि खळ, एवढाच खर्च.

2025 च्या ऑक्टोबरात या एक रुपयावरून मोठा गदारोळ झाला. सरकारने निधीच्या विनियोगाची माहिती मागवली, लगेच दोन्ही बाजूंचे पुढारी सरसावले, हा संस्थेचे अध्यक्ष शरद पवार यांच्यावर डाव आहे की नाही यावर आठवडाभर वाहिन्या चालल्या. मला त्या भांडणात रस नाही. पैसा कुठे खर्च झाला हे विचारणं सोपं असतं, पावत्या निघतात आणि प्रकरण मिटतं. त्या पैशामुळे कुठला अभ्यास झालाच नाही, हे कुणी विचारलं नाही. इकडच्यांनी नाही, तिकडच्यांनीही नाही, कारण दोन्हीकडे कारखाने आहेत.

हिशेब कोण मांडतो हा प्रश्न साखरेच्या दरातही आहे. साखरेचा किमान विक्री दर 2019 ला किलोमागे 29 वरून 31 रुपये झाला, तेव्हापासून उत्पादन खर्च वाढला म्हणून तो वाढवा, अशी कारखान्यांची मागणी चालू आहे. रास्तही असेल. पण खर्चाचे तक्ते मांडणारे कारखाने, त्यावर टिपण लिहिणारे त्यांचे संघ, आणि त्या खर्चाच्या पलीकडे जे उरेल ते उसाला. खर्चाचा तक्ता मांडताना शेतकऱ्याच्या बाजूचा एक हिशेबनीस शेजारी बसलेला मी तरी अजून बघितला नाही.

यंदा मी प्रश्न लेखी दिला, सभेच्या आठ दिवस आधी, नियमाप्रमाणे. कचेरीतल्या पोराने आवक शिक्का मारला, पोच दिली, आणि मग खरोखर अडचणीत पडल्यासारखं विचारलं, “सर, हा कुठल्या विषयात घालू?” विषयपत्रिकेत उताऱ्याचा विषयच नव्हता. शेवटी त्याने तो अकराव्या क्रमांकात सरकवला: मा. अध्यक्षसाहेबांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय. रात्री केमिस्टसाहेबांना फोन करून सांगितलं. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “अकरापर्यंत कोण थांबतंय, सर. पण मी यंदा तुमच्या शेजारी बसतो. हात वर करणार नाही, एवढं आधीच सांगून ठेवतो.”